झिंग्याची उजवी नांगी

हंगदियन, १२ जून

बाबा,

हे माफीचं पत्र नाही, आधीच सांगते. माफीचं असेल म्हणून उघडलं असेल तर परत चिकटवून टाका.

तुम्ही मला मोबाइलमधून काढून टाकलंत, म्हणून कागदावर लिहितेय. एका परीनं बरंच झालं. फोनवर मी नुसती "हं, हं" करते आणि तुम्ही म्हणता, "तोंडात भात आहे का?" कागदावर मध्येच कुणी तोडत नाही.

मी शूटिंगच्या गावात आहे, चार महिने झाले. एका खोलीत आम्ही सहा जणी राहतो. काम आहे. आधी गर्दीत होते. गर्दीतल्यांनी पळायचं, पडायचं आणि मरायचं. आत्तापर्यंत मी अकरा वेळा मेलेय. दोनदा अजगरानं गिळलं, एकदा पाण्याच्या टाकीतल्या शार्कनं तोडलं, एकदा चालत्या कोबीनं. कोबीनं मरणं सगळ्यात अवघड, कारण हसू येतं. प्रत्येक वेळी मेल्यावर लाल पाकीट देतात, खोटं मरण अंगाला चिकटू नये म्हणून. देतातच, विसरत नाहीत.

पण आता मी मरत नाही. आता मी मारते.

सध्या चाललाय तो सिनेमा झिंग्यांचा आहे. आपल्याच, लाल, नांगीवाल्या. हसू नका. म्हणजे हसा, तो हसायचाच आहे, पण पुढे ऐका. एका गावात झिंगे खायची स्पर्धा असते. जिंकणारा माणूस नऊशे झिंगे खातो. मग गटारातून त्या सगळ्यांची आई वर येते, बसएवढी. आणि आपण झिंगे खातो तशीच ती माणसं खाते. मुंडकं पिरगाळायचं, आतलं चोखायचं, टरफल बाजूला. टरफल म्हणजे कपडे आणि बूट. शेवटी बुटांचा ढीग लागतो. आणि तिच्या दोन्ही नांग्यांवर प्लास्टिकचे हातमोजे असतात, मसाल्यानं हात माखू नयेत म्हणून. हातमोज्यांची कल्पना दिग्दर्शक फांगसाहेबांची. अंघोळ करताना सुचली असं ते रोज एकदा तरी सांगतात.

पहिल्या तालमीला मी मेलेली होते. पहिल्या रांगेत, डोळे उघडे ठेवून. झिंगा माझ्या अंगावरून जायचा होता. आला तो म्हशीसारखा. मान खाली, नांग्या जमिनीला घासत, सरळ पुढे. मला हसू फुटलं.

"थांबा! मेलेली कोण हसली?" फांगसाहेब ओरडले.

"मेलेल्यांना विचारून काय उपयोग, साहेब?" माझ्या शेजारचा मेलेला म्हणाला.

मी उठले. तीस माणसं माझ्याकडे बघत होती, बाबा. तोंडातून शब्द येईना, तुम्हाला माहीतच आहे. म्हणून मी करून दाखवलं. दोन्ही हात वर, बोटं फाकलेली, छाती पुढे, आपला झिंगा काठीनं डिवचल्यावर उभा राहतो ना तशी. मग शेपटीचा फटका आणि सटकन मागे. मागच्या मागे जाऊन मी दिव्याच्या खांबावर आदळले.

कुणीच हसलं नाही. झिंग्याच्या तोंडातून एक टक्कल बाहेर आलं. ते उस्ताद च्यू. चाळीस वर्षं सणाला ड्रॅगन नाचवलाय, आता झिंगा नाचवतात.

"कुठे शिकलीस हे?"

"घरी."

"घरी झिंगे आहेत?"

"भातखाचरात पाळतो. सगळ्या खाचरांत."

"मग हा असा चालत नाही म्हणतेस?"

"पुढे चालतो तो खायला. घाबरला की मागे उडतो. मारायचं असेल तर आधी उभा राहतो." वर्षभरात मी एका दमात एवढं बोलले नव्हते. "आधी मोठा दिसतो. मारायचं नंतर."

उस्तादांनी फांगसाहेबांकडे पाहिलं. "हिला मारणं बंद करा. ही मला आत पाहिजे."

म्हणून लिहितेय. ह्या सिनेमापुरतं रोजंदारीवर चालतं. पण उस्तादांच्या मंडळीत कायमचं यायचं तर मला अठरा पूर्ण नाहीत, म्हणून वडिलांची सही आणि लाल अंगठा लागतो. कागद सोबत ठेवलाय. ३१ ऑगस्टच्या आत पाहिजे. दुसऱ्याच दिवशी शाळा उघडते हे मला माहीत आहे, आणि तुम्ही माझी जागा धरून ठेवली असणार हेही. सही आली नाही तर मला परत येऊन त्या बाकावर बसावं लागेल. मला बसायचं नाहीये.

यिंहे
(उजवी नांगी)


हंगदियन, ९ जुलै

बाबा,

उत्तर आलं नाही. हंगाम आहे, भल्या पहाटेपासून सापळे उचलायचे, तुम्हाला वेळ नसेल, असं मी धरून चालते.

आमचा झिंगा कसा आहे ते सांगते. आत नऊ जण. डोक्यात उस्ताद, दोन नांग्यांना दोघं, पायांना चार जण, प्रत्येकाकडे दोन पाय, आणि शेपटीला दोघं. सांगाडा बांबूचा, त्यावर जुन्या गाद्यांचा स्पंज, वरून मोटरसायकलच्या सीटला लावतात ते लाल कापड. मिशा गळाच्या काठ्यांच्या. डोळे म्हणजे भाताचे दोन वाडगे, काळे रंगवलेले. कंप्युटरवर झिंगा करायला पैसे नाहीत, म्हणून आम्ही आहोत. आत इतकं उकडतं की शेपटीतला एक जण रोज एक किलो उतरतो आणि रोज संध्याकाळी नूडल्स खाऊन भरून काढतो.

माझी नांगी माझ्यापेक्षा लांब आहे. दोन्ही हात आणि कंबर लागते. पहिल्या आठवड्यात मला बाटलीचं झाकण उघडता येत नव्हतं. आता मी त्या नांगीनं एका माणसाच्या तोंडातली सिगारेट उचलते, ओठाला न लागता. पूर्ण गावात हे दुसऱ्या कुणाला येत नाही. उस्तादांनाही नाही. मी विचारून घेतलंय.

तुम्हाला म्हणायचं असेल की हा काय धंदा. तुम्ही म्हणू नका, बाबा. हे वेड मला कुणी लावलं? दुपारी बांधावर, मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून, डबा मध्ये ठेवून. पहिली सहा मिनिटं फुकट. सहा मिनिटं झाली की पडद्यावर पैसे मागायचे आणि तुम्ही म्हणायचात, "हं, बंद कर. उरलेलं आपण बनवू." तुमच्या गोष्टीत शेवटी अजगर मरायचा. माझ्या गोष्टीत मरायचा नाही, ती मादी निघायची आणि तिला पोरं असायची. तुम्ही म्हणायचात, "अगं, मग गावाचं काय?" गावाचं काय ते मला कधीच सुचलं नाही. असे आपण दोनशे तरी सिनेमे बघितले असतील, एकही पूर्ण नाही.

म्हणून सांगते, पहिल्या सहा मिनिटांत माझी नांगी आहे. फांगसाहेब म्हणतात, त्या सहा मिनिटांवर सगळं. तिथे माणूस अडकला तर पैसे भरतो, नाहीतर पुढचा कोबी बघायला जातो.

शाळेत सगळे विचारायचे, हे कसं शक्य आहे. इथे कुणी विचारत नाही. एकदा ठरलं ना की झिंगा बसएवढा आहे, की मग मोठी मोठी माणसं दिवसभर भांडतात की रागावल्यावर त्याच्या मिशा पुढे जातील की मागे. काल दोघं जेवले नाहीत. का, तर झिंगा हातमोजा आधी कुठल्या नांगीत घालेल? बघणारे हसायलाच बसतात, आम्हाला माहीत आहे. पण हसता हसता एका जागी ते थांबतात. ती जागा आम्ही शोधत असतो.

अजून एक काम केलं. सिनेमात पहिली जी मुलगी मरते तिच्या घरी तिचा फोटो लावायचा होता. काळा-पांढरा, समोर उदबत्त्या, पांढरी फुलं. कुणीच आपला फोटो देईना. अपशकुन म्हणे. सगळ्या मुलींचे फोटो अचानक गावी राहिले होते. मी दिला, शाळेच्या ओळखपत्रावरचा. तुला नाही म्हणता येत नाही म्हणून दिलास, असं खोलीतल्या मुली म्हणतात. तसं नाहीये. मोठा केल्यावर मी त्यात चांगली दिसत होते, शांत आणि हुशार. रिवाजाप्रमाणे पाकीट दुप्पट मिळालं आणि शॉट झाल्यावर फोटोचे चार तुकडे करून जाळले. काही झालं नाही. मी ठणठणीत आहे. तुम्हाला कुणी दाखवलाच तर घाबरू नका.

सहीचं बघा.

यिंहे


हंगदियन, २८ जुलै

बाबा,

आता मी रागावलेय.

घरून निघताना मी मार्कांचं खोटं कारण सांगितलं होतं, तेही आज सांगून टाकते. शाळा मी मार्कांमुळे सोडली नाही. मार्क बरे होते. भाषेच्या तासाला बाईंनी उभं केलं, म्हणाल्या, धडा मोठ्यानं वाच. अख्खा धडा मला पाठ होता. तोंड उघडलं नाही. त्या म्हणाल्या, उघडेपर्यंत उभी राहा. तो तास संपला, पुढचाही संपला. मागून कुणीतरी "शिंपला" म्हणालं आणि तेच नाव पडलं. "काय शिंपल्या, आज उघडणार का?" असं तीन आठवडे. मग मी कपडे भरले. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगायलासुद्धा तोंड उघडावं लागतं.

तर आता हे ऐका. काल ह्याच शिंपल्यानं दिग्दर्शकाशी भांडण केलं. सगळ्यांसमोर.

फांगसाहेबांना झिंगा ओरडायला हवा होता. त्यांनी हत्तीचा आवाज आणून ठेवला होता, वाघाचाही.

मी आतून म्हणाले, "झिंगे ओरडत नाहीत."

"कोण बोललं?"

"उजवी नांगी," उस्ताद म्हणाले.

"मग प्रेक्षकांना काय ऐकवू मी, उजवी नांगी?"

"टरफलं."

"काय?"

"जेवताना येतो तो आवाज. झिंगा सोलताना. कुणी काही बोलत नाही, नुसतं कट, कट, आणि मग चोखल्याचा. तेवढाच ठेवा."

फांगसाहेब माझ्या नांगीशी बराच वेळ भांडले. मग चिडून स्वयंपाक्याला सांगून दोन पाट्या झिंगे मागवले, सगळ्यांना सोलायला बसवलं आणि आवाज भरून घेतला. दुपारी तो लावून शॉट बघितला. बाबा, कुणी हललं नाही. चहावाला किटली घेऊन तसाच उभा. फांगसाहेबांनी वाघ आणि हत्ती दोन्ही परत पाठवले.

कागद परत एक पाठवतेय. पहिला हरवला असेल. हरवला नसेल तर दोन झाले, एकावर करा.

यिंहे


हंगदियन, १८ ऑगस्ट

बाबा,

पोचलात का?

परवा जे झालं ते तुम्ही गावात वेगळं सांगाल, म्हणून मी लिहून ठेवते.

खाद्याच्या दुकानातल्या थान काकांनी मोबाइलवर काहीतरी बघितलं. गर्दीतल्या कुणीतरी चोरून शूट करून नेटवर टाकलं होतं. माझा फोटो, समोर उदबत्त्या, पांढऱ्या कपड्यांतल्या बायका छाती बडवतायत. त्यात झिंगा कुठेच नव्हता. झिंगा दिसला असता तर काकांना कळलं असतं. ते दुकान उघडं टाकून खाचरात पळत आले आणि तुम्हाला म्हणाले, "पोर गेली रे." हे तुम्ही उस्तादांना सांगितलंत. मला उस्तादांनी सांगितलं.

माझी तिन्ही पत्रं तुमच्या पिशवीत होती, तिन्ही बंद. दुसऱ्यात सगळं लिहिलं होतं. तुम्ही फक्त लिफाफ्यावरचा पत्ता वाचलात आणि निघालात.

आम्ही बाजाराचा शॉट करत होतो. ऐन दुपार, कडक ऊन. नांगीच्या जाळीतून मला गेटपाशी एक माणूस दिसला, हातात काळी छत्री. उघडलेली नव्हती, मिटलेली, पोटाशी धरलेली. एवढ्या उन्हात मिटलेली छत्री घेऊन माणूस कशाला येतो ते मला माहीत आहे. आईच्या अस्थी घरी आणताना तुम्ही तीच धरली होती, वर ऊन पडू नये म्हणून. माझ्या मनात आलं, बिचारा कुणीतरी चुकून आमच्या गेटवर आलाय. मग तो दोन पावलं चालला आणि मी चाल ओळखली.

तुम्ही पहारेकऱ्याला विचारलंत, "श्यांग यिंहेला कुठे ठेवलंय?"

तो म्हणाला, "उजव्या नांगीत."

तुम्ही त्याची गचांडी धरलीत. त्याची चूक नव्हती. त्यानं खरं ते सांगितलं होतं.

मी ओरडले, "बाबा!" आतून, सगळ्यांच्या कानाशी. डावी नांगी दचकून खाली पडली.

"कोण ओरडलं?" फांगसाहेब म्हणाले. "झिंगे ओरडत नाहीत ना?"

बाहेर यायचं तर दोघांनी पट्टे सोडावे लागतात. मी थांबले नाही, नांगीसकट निघाले. त्यामुळे तुमच्याकडे आधी पुरुषभर लांबीची लाल नांगी धावत आली, हातमोजा घातलेली, आणि तिच्यामागे मी. तुम्ही तिला छत्रीनं हाणलंत. तीनदा. मग मी दिसले, मग मला एक थोबाडीत. मग तुम्ही खालीच बसलात.

"तू मेली होतीस ना," तुम्ही म्हणालात.

"अकरा वेळा," मी म्हणाले.

हे मी बोलायला नको होतं. दुसरं काही सुचलं नाही.

तुम्हाला पाणी आणून दिलं ती सगळी त्या दिवशीची मेलेली माणसं होती. एकीच्या गळ्यातून रक्त वाहत होतं आणि ती तुम्हाला वारा घालत होती. तुम्ही तिला म्हणालात, "पोरी, आधी ते धू जा." मग तुम्हाला डबा दिला, टोमॅटो-अंडं आणि भात, आणि तुम्ही सावलीत बसून पूर्ण खाल्लात. फांगसाहेब शेजारी येऊन बसले. तुम्हाला ते कारकून वाटले.

"सहा मिनिटांनंतर काय होतं?" तुम्ही विचारलंत.

फांगसाहेबांनी सगळी गोष्ट सांगितली. स्पर्धा, गटार, बूट, हातमोजे, अंघोळीची गोष्टसुद्धा. तुम्ही एकदाही हसला नाहीत.

"शेवटी मरते का ती?"

"मरते ना. मिरचीच्या उकळत्या कढईत. मोठा शॉट आहे."

"नका मारू," तुम्ही म्हणालात. "पोरं असतील तिला."

ते माझं होतं, बाबा. तुमच्या गोष्टीत तर नेहमी मरायचा.

मग आम्ही तुमच्यासमोर तालीम केली. माझी नांगी मी आयुष्यात एवढी नीट हलवली नव्हती. तुम्ही नांगीबद्दल एक शब्द काढला नाहीत.

"पाय चुकतात," म्हणालात.

"काय चुकतात?" उस्ताद बाहेर आले. "चाळीस वर्षं ड्रॅगन नाचवलाय मी."

"ड्रॅगनला जमिनीवर टेकून चालावं लागत नाही, उस्ताद. झिंग्याला लागतं. तुम्ही चार पाय एकदम उचलता. खऱ्या चिखलात तोंडावर पडेल."

मंडळीत त्यांना असं कुणी बोलत नाही. मला वाटलं, गेलं सगळं. मग त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "हिचं हे कुठून आलं ते कळलं."

कागदाबद्दल मी तुम्हाला बसपाशी विचारलं. तुम्ही म्हणालात, "गाडी चुकेल." मी थांबवलं नाही. माझा शॉट बाकी होता, आणि माझ्याशिवाय तो होत नाही.

कपडेवाल्या मावशी नांगीवर छत्रीनं पडलेलं भोक शिवायला आल्या होत्या. मी शिवू दिलं नाही. सिनेमात दिसेल. विचारलंच कुणी तर सांगीन, हिला एकच माणूस जखमी करू शकला.

तेरा दिवस राहिलेत.

यिंहे


हंगदियन, ३० ऑगस्ट

बाबा,

लिफाफा आज सकाळी आला.

सही आहे. अंगठा आहे. अंगठा इतका दाबलाय की लाल रंग कागदाच्या मागून दिसतो. उस्तादांनी तो उन्हाकडे धरून बघितला आणि म्हणाले, "ह्या माणसानं कागद दाबून मारलाय."

पत्र नव्हतं. लिफाफा दोनदा झटकून पाहिला. मग कागद उलटा केला.

मागे तुम्ही झिंगा काढलाय, पेन्सिलनं, वरून दिसतो तसा. नांग्या नुसत्या दोन रेघांत संपवल्यात, त्या मला येतात म्हणून असेल. पण पाय एकेक सांधा धरून काढलेत. प्रत्येक पायावर आकडा, कुठला आधी उचलायचा, कुठला नंतर. जे पाय जोडीनं उचलायचे त्यांना एकच आकडा. तीन ठिकाणी खोडून परत काढलंय, आणि कोपऱ्यात चिखलाचा डाग आहे. म्हणजे तुम्ही काठावर उकिडवे बसून बघत होतात, भात कापायला आलेला असताना.

उस्तादांनी तो कागद कार्यालयात द्यायला साफ नकार दिला. त्यांना झेरॉक्स दिली. कार्यालयातली बाई म्हणाली, मूळ कागद लागतो. उस्ताद म्हणाले, मूळ कागद झिंग्याच्या डोक्यात आहे, आत येऊन बघा. ती आली, वाकून बघून गेली. आतल्या बाजूनं चिकटवलाय, नऊ जणांना दिसेल असा.

सकाळपासून आम्ही तुमच्या आकड्यांवर चालतोय. आकडे मोठ्यानं म्हणावे लागतात, नाहीतर मागच्यांना कळत नाही. ते मी म्हणते. एक, दोन, दोन, तीन. आत दुसऱ्या कुणाचा आवाज नसतो. बाहेरपर्यंत ऐकू जातो म्हणे.

चौथ्या खेपेला दहा पावलं बरोबर पडली. फक्त दहा. पहिल्या रांगेत एक नवी मुलगी मेलेली पडली होती. ती उठली आणि चप्पल टाकून पळाली. फांगसाहेब तिच्यावर ओरडले नाहीत. स्वतःच दोन पावलं मागे गेले होते.

पण अकराव्या पावलाला आम्ही अडकतो. डावीकडच्या सगळ्यात मागच्या पायावर तुम्ही आकडाच घातलेला नाही. तो कुणाच्या जोडीनं उचलायचा? विसरलात, की मुद्दाम ठेवलंत? लवकर कळवा. त्या पायाचा माणूस पाय हवेत धरून उभा आहे.

यिंहे